टेलिफोन कापलेलं केंद्र

आधी रेडिओची सोय करा. कुठलाही चालणार नाही, पट्टीवर एफएम असलेलाच हवा. १९६७ सालच्या एप्रिलमध्ये सॅन फ्रान्सिस्कोत उतरलात की तुमच्या लक्षात येईल, बहुतेक मोटारींत नुसता एएम आहे, पोरांच्या खिशातल्या ट्रान्झिस्टरवरही एएमच. एफएमचा संच असतो तो शास्त्रीय संगीत ऐकणाऱ्या डॉक्टर-वकिलांच्या दिवाणखान्यात, भलंमोठं लाकडी कपाट व्यापून. तेव्हा जुन्या सामानाच्या दुकानातून एखादा वापरलेला संच उचला आणि पैसे देण्याआधी लावून बघा. मोबाइल घरी ठेवलात ना? मग चला.

तारीख ७ एप्रिल, वार शुक्रवार, वेळ संध्याकाळची. बंदराच्या दिशेने चालत निघाला आहात. वाटेत एका उभ्या मोटारीच्या खिडकीतून एएम ऐकू येतंय, तेही दोन मिनिटं ऐकून घ्या. १२६० वर केवायए, ६१० वर केएफआरसी. दोन्हीकडे एकच घाई. गाणं तीन मिनिटांच्या आत संपतं, संपायच्या आधीच निवेदक त्यावर बोलायला लागतो, मग कोरसमध्ये गायलेलं केंद्राचं नाव, मग मुरमांवरच्या मलमाची जाहिरात, किती वाजले, तापमान किती, आणि पुन्हा तेच गाणं जे तासा-दीड तासापूर्वी वाजलं होतं. तीस-चाळीस गाण्यांची यादी. आठवड्याला त्यातली चार-दोन बदलायची. बिनाका गीतमालेतली सरताज गाणी बुधवारी तासभर ऐकायला मजा यायची. तीच गीतमाला चोवीस तास, आठवडाभर, ओरडून ओरडून चालली असती तर काय झालं असतं, याचा अंदाज इथे येतो.

या घाईतला एक नामांकित आवाज १९६५ मध्येच केवायए सोडून गेलेला आहे. त्याला भेटायलाच आपण निघालोय. टॉम डोनाह्यू. वय अडतीस, वजन साधारण १८० किलो, टोपणनाव ‘बिग डॅडी’. फिलाडेल्फियात नाव कमावलं. पैसे घेऊन गाणी वाजवण्याच्या भानगडीत तिथलं वातावरण तापल्यावर १९६१ मध्ये इकडे आला. हा माणूस हिप्पी म्हणून जन्मलेला नाही, हे ध्यानात ठेवा. ‘ऑटम’ नावाची रेकॉर्ड कंपनी त्याने चालवली, कार्यक्रम भरवले. गेल्या ऑगस्टमध्ये, २९ तारखेला, कँडलस्टिक पार्कवर बीटल्सचा जो कार्यक्रम झाला (तिकीट लावून झालेला त्यांचा शेवटचाच, पण हे इथे अजून कुणाला ठाऊक नाही, तुम्हीही सांगू नका) तो भरवणाऱ्या कंपनीत हाच भागीदार होता. धंदा कसा चालतो हे त्याला पुरतं माहीत आहे, आणि म्हणूनच धंद्याची कुठली बाजू सडली आहे हेही.

कथा अशी सांगतात. एका रात्री डोनाह्यू आणि त्याची मैत्रीण (पुढे बायको) रेचल ‘द डोअर्स’ची पहिलीवहिली तबकडी ऐकत बसले होते. घरात ऐकतो ते रेडिओवर कुठेच का नाही, असा प्रश्न त्याला पडला. दुसऱ्या दिवशी त्याने शहरातल्या एफएम केंद्रांना एकेक करून फोन लावायला सुरुवात केली. केएमपीएक्स या केंद्राचा फोन लागेचना. बिल न भरल्यामुळे तो कापला होता. डोनाह्यू म्हणाला, हेच आपलं केंद्र. अशा कथा सांगता सांगता गुळगुळीत होतात हे खरं, पण त्या केंद्राची अवस्था फोन कापण्याइतकी होती यात शंका नाही. आणि मला विचाराल तर पुढच्या तेरा वर्षांचा सगळा इतिहास त्या कापलेल्या फोनमध्ये आहे. ज्या जागेकडे कुणाचं लक्ष नाही तिथेच मनासारखं करता येतं.

एफएमकडे लक्ष का नव्हतं, तेही बघा. आवाज एएमपेक्षा कितीतरी स्वच्छ, खरखर नाही, १९६१ पासून स्टिरिओचीही परवानगी. पण ज्यांच्याकडे एएम होतं त्यांनी एफएमचे परवाने नुसते घेऊन ठेवले होते आणि एएमवरचाच कार्यक्रम तिकडे जसाच्या तसा सोडत होते. अखेर सरकारच्या दूरसंचार आयोगाने नियम केला: एक लाखाहून अधिक वस्तीच्या शहरात एफएमचा निम्म्याहून जास्त वेळ एएमची नक्कल करता येणार नाही. या वर्षापासून तो खऱ्या अर्थाने लागू झाला. देशभरातले मालक डोकं खाजवत बसले आहेत, की या रिकाम्या तासांत घालायचं काय? कारकुनी नियमातून कला जन्माला येते, ती अशी.

ग्रीन स्ट्रीट, नंबर ५०. गोदीजवळची जुनी इमारत. आत शिरा, कुणी अडवणार नाही. आठ वाजायला आले आहेत. दिवसभर इथे पोर्तुगीज आणि इतर परभाषांतले कार्यक्रम चालतात; मालक लिऑन क्रॉसबी त्या त्या समाजातल्या लोकांना तास विकतो आणि केंद्र कसंबसं जगवतो. आता खुर्ची बदलते. डोनाह्यूने गाण्याच्या तबकड्या घरून आणल्या आहेत, कारण इथे त्या नाहीतच. खुर्ची त्याला अपुरी पडते, पण आवाज खोलीभर मावतो. केवायएवर जो माणूस गरजायचा तो इथे मायक्रोफोनला जवळजवळ ओठ लावून, रात्री मित्राशी बोलावं तसा बोलतो.

त्याच्या हातांकडे बघत राहा. दोन टर्नटेबलं. एकावर गाणं चालू आहे. दुसऱ्यावर नवी तबकडी ठेवून तो सुई पहिल्या स्वरापर्यंत नेतो, तबकडी हाताने अर्धा फेरा मागे फिरवतो आणि धरून ठेवतो. पहिलं गाणं विरत चाललं की अंदाज घेऊन सोडतो. फिरायला लागलेली तबकडी बरोबर वेळेवर स्वरात येते. मध्ये शब्द नाही, जाहिरात नाही. शिकागोच्या एखाद्या काळ्या गायकाचा ब्लूज, त्याला लागून त्याच ब्लूजवर पोसलेला इंग्लंडमधला गोरा बँड, त्याला लागून नुसती गिटार घेतलेला कुणी लोकगायक. एकाचा शेवटचा सूर दुसऱ्याच्या पहिल्या सुराला कुठेतरी ओळखतो. कधी सूर नाही, लय ओळखते, कधी विषय. चार-पाच गाण्यांनंतर तो तोंड उघडतो आणि आत्ता काय काय ऐकलंत ते शांतपणे सांगतो.

इथे थोडं थांबा, कारण या सगळ्या इतिहासात मला सर्वात मोलाचं वाटतं ते हेच. एफएम रॉकबद्दल बोलताना लोक नेहमी लांब गाण्यांचं कौतुक करतात. डोअर्सचं ‘लाइट माय फायर’ तबकडीवर सात मिनिटांच्या आसपास आहे; एएमसाठी त्याला कात्री लावून तीन मिनिटांच्या आत बसवलेली छोटी तबकडी काढावी लागली, आणि एफएमवर ते आख्खं वाजलं. खरं आहे. पण सात मिनिटं सुई ठेवून बसायला काय लागतं? कस लागतो तो सांध्यात. कशापुढे काय लावायचं याचं उत्तर कुठल्या यादीत नव्हतं, ते त्या त्या माणसाच्या कानात होतं. आणि उद्या तोच माणूस त्याच गाण्यापुढे वेगळं काही लावणार होता. केंद्र म्हणजे ही माणसं. बाकी नुसता मनोरा आणि वीज.

मध्यरात्री डोनाह्यू उठेल. लगेच निघू नका, रात्रपाळीवर लॅरी मिलर येतोय. हा फेब्रुवारीपासूनच मध्यरात्र ते पहाट असेच स्वैर कार्यक्रम करतोय. म्हणजे या केंद्रावर ‘पहिला कोण’ असा वाद काढलात तर मान मिलरचा. पण पहाटे तीनला ऐकणारे मूठभर, आणि इतिहास रात्री आठच्या माणसाची नोंद घेतो. डोनाह्यूने काय केलं, तर एका माणसाच्या छंदातून अख्खं केंद्र उभं केलं. एकेक करत परभाषांचे तास त्याने गिळले आणि ऑगस्टपर्यंत केएमपीएक्स, १०६.९ मेगाहर्ट्झ, रात्रंदिवस रॉक झालं.

तेव्हा उन्हाळ्यात एक फेरफटका मारा. हिप्प्यांच्या वस्तीतल्या हेट स्ट्रीटवरून चाललात तर खिडक्याखिडक्यांतून तेच केंद्र ऐकू येतं. गाणं न तुटता रस्ताभर चालत जाता येतं. जूनमध्ये थोडं दक्षिणेला माँटेरेला जाऊन या. तिथल्या महोत्सवात रविवारी दुपारी रविशंकर सतार वाजवतील आणि तबल्यावर असतील आपल्या माहीमचे अल्लारखाँ. याच वर्षी खाडीपलीकडे बर्कलीत अली अकबर खाँ आपलं संगीत महाविद्यालय काढताहेत. काही वर्षांनी अल्लारखाँचा मुलगा झाकीर तिथे शिकवायला येईल आणि ‘ग्रेटफुल डेड’चा ढोलवाला मिकी हार्ट त्याच्याबरोबर वाजवत बसेल. त्यामुळे ब्लूजच्या शेजारी राग वाजला तर इथे कुणाची भुवई वर जात नाही.

स्टुडिओत पुन्हा डोकावाल तर एक बदल दिसेल. यंत्रांवर मुली बसल्या आहेत. गाणी सोडणं, पातळी सांभाळणं, जाहिरातीच्या फिती लावणं हे सगळं त्या करतात. डोनाह्यूने मुद्दाम बायकांना या कामावर घेतलं. त्यातली डस्टी स्ट्रीट पुढे स्वतः मायक्रोफोनपुढे बसली आणि दशकानुदशकं बसून राहिली. मुलींना बटणं मिळाली, माइक मात्र रांगेत उभं राहून. क्रांतीच्या घरातलं हेही एक चित्र, बघून ठेवा. शनिवारी आलात तर डॉन स्टर्डी नावाचा एक मिस्कील डीजे भेटेल. त्याचं खरं नाव हॉवर्ड हेसमन. पुढे तो ‘डब्ल्यूकेआरपी इन सिनसिनाटी’ या मालिकेत रेडिओवरच्या डीजेचंच काम करून अमेरिकेत घरोघरी पोचेल.

जाहिरातीही ऐका, त्या टाळण्यासारख्या नाहीत. किंचाळणाऱ्या जाहिराती इथे घेत नाहीत. कपड्यांची दुकानं, तबकड्यांची दुकानं, बिल ग्रॅहमच्या फिलमोर आणि ॲव्हलॉन या सभागृहांमधले कार्यक्रम; निवेदक स्वतःच्या शब्दांत सांगतो. लीव्हाइस कंपनीने तर जीन्सच्या जाहिरातींसाठी ‘जेफरसन एअरप्लेन’लाच गाठलं, आणि जाहिरात कुठे संपली, गाणं कुठे सुरू झालं हे कळेना. हे चांगलं झालं की वाईट, यावर त्या वेळीही वाद झाले. (जाता जाता: याच वर्षी १ नोव्हेंबरला मुंबई-पुणे-नागपूरच्या विविध भारतीवर जाहिराती सुरू होताहेत. तिकडे लोक कुरकुरले. इकडे लोक जाहिराती गुणगुणताहेत.) नोव्हेंबरमध्येच ‘रोलिंग स्टोन’ या कोऱ्या नियतकालिकात डोनाह्यूने लेख लिहिला. एएम मेलं आहे आणि त्याच्या प्रेताने हवेत घाण सुटली आहे, असा त्याच्या मथळ्याचा मतलब. माणूस नम्र नव्हता.

आता जरा उडी घ्या. १९६८, मार्चची १८ तारीख, सोमवार, पहाटेचे तीन. गरम काहीतरी घालून या, खाडीवरचं वारं बोचरं आहे. केंद्र आता पैसे कमावू लागलंय, आणि पैसे दिसू लागले की मालकही दिसू लागतो. पगाराच्या तक्रारी, कार्यक्रमात हात घालणं, कर्मचाऱ्यांच्या कपड्यांवरून कटकटी. डोनाह्यू आधीच बाहेर पडलाय, आणि आत्ता या क्षणी सगळे निवेदक, तंत्रज्ञ मुली, जाहिरातवाले काम टाकून रस्त्यावर उतरताहेत. संघटनेला त्यांनी ‘अखिल जगातल्या एफएम कामगारांचं’ असं काहीतरी अगडबंब नाव दिलंय, जुन्या डाव्या संघटनांची टिंगल करत. पण संप टिंगलीचा नाही. पहाटेच्या अंधारात ‘ग्रेटफुल डेड’ येऊन वाजवतात, इंग्लंडहून आलेल्या ‘ट्रॅफिक’मधली मंडळीही. तुम्ही गिरणगाव पाहिलेलं असेल तर पोलीस कधी येतात म्हणून मागे वळून बघाल. येतात, आणि आवाज बंद करायला सांगतात. पुढे बँडच मालकाला कळवू लागतात, की संप चालू आहे तोवर आमची गाणी वाजवू नका. संप आठवडेच्या आठवडे चालतो. मालक नमत नाही, दुसरी माणसं बसवून केंद्र चालवतो. मनोरा तोच, वीज तीच, आणि ऐकणारे निघून गेलेले.

ते गेले कुठे? मे महिन्याच्या २१ तारखेला काटा ९४.९ वर आणा. कालपर्यंत इथे केएसएफआर नावाचं शास्त्रीय संगीताचं केंद्र होतं. न्यूयॉर्कच्या ‘मेट्रोमीडिया’ या बड्या कंपनीने ते घेतलं, संपावरच्या फौजेला आत बोलावलं, आणि केंद्राचं नाव झालं केएसएएन. लोक म्हणायचे ‘के-सॅन’. भांडवलशाहीविरुद्ध बोलणाऱ्यांना घर दिलं ते एका भांडवलदाराने, आणि भाडंही चांगलं वसूल केलं. पण मोझार्ट ऐकायला म्हणून त्या सकाळी संच लावणारी एखादी म्हातारी क्षणभर डोळ्यांपुढे आणा. तिला कुणी विचारलं नव्हतं.

आता ज्या दिवसासाठी मी तुम्हाला एवढ्या लांब आणलं तो दिवस. १९६९, ७ डिसेंबर, रविवार. काल शनिवारी ऑल्टमाँटच्या मोटारशर्यतीच्या मैदानावर ‘रोलिंग स्टोन्स’चा फुकट कार्यक्रम झाला. तुम्हाला तिथे मी मुद्दामच नेलं नाही. जागा ऐनवेळी ठरली, कुठे यायचं हे लोकांना कळलं ते रेडिओवरून, त्यात के-सॅनही आलं. सुमारे तीन लाख माणसं लोटली. मंच जेमतेम कमरेइतका उंच होता, आणि त्याच्याभोवती राखणीला बसवले होते मोटारसायकलींवरचे हेल्स एंजल्स, हातात बिलियर्ड्सच्या काठ्या. मेरेडिथ हंटर हा अठरा वर्षांचा काळा मुलगा मंचासमोर भोसकला गेला. आणखी तिघे अपघातांत गेले.

आज सकाळी लोकांच्या हातात वर्तमानपत्रं आहेत, पण तिथून चिखलात परतलेल्यांनी जे पाहिलं ते त्यात नाही. के-सॅनच्या स्टुडिओत स्टीफन पोनेक बसलाय. आज सलग गाण्यांचे सांधे नाहीत. फोन उघडले आहेत, चार तास. ज्याला जे बोलायचं ते बोला.

तुम्ही कोपऱ्यात बसून ऐका. एक मुलगी काय पाहिलं ते सांगते आणि मध्येच गप्प होते. पोनेक तिला घाई करत नाही. कुणी स्टोन्सना दोष देतो, कुणी गर्दीला, कुणी नशेला, कुणी स्वतःला. मग एक फोन येतो आणि खोलीतले सगळे सरळ बसतात. ओकलंडच्या हेल्स एंजल्सचा म्होरक्या सनी बार्जर. तो माफी मागायला आलेला नाही. आम्ही पोलीस नव्हतो, तो म्हणतो. मंचाच्या कडेला बसा, कुणाला चढू देऊ नका, बिअर प्या, एवढंच आम्हाला सांगितलं होतं. लोकांनी आमच्या गाड्यांना हात लावला. गाडी ही त्याच्या लेखी काय चीज आहे ते तो समजावून सांगतो. अंगावर काटा येतो तो त्याच्या शब्दांनी कमी, स्वराने जास्त. तो खरोखर स्वतःला अन्याय झालेला समजतोय.

दुसरं कुठलं केंद्र त्याला असं बोलू देईल? एएमवर तीस सेकंदांनी जाहिरात आली असती. सरकारी छापाच्या बातम्यांत त्याचं एक वाक्य निवेदकाने वाचलं असतं. इथे तो, त्याच्या काठीचा मार खाल्लेला पोरगा, आणि मैदानापासून पन्नास मैलांवर घरी बसलेली एखादी आई, सगळे एकाच तारेवर आले. एका अर्थी के-सॅन स्वतःचाच पंचनामा करत होतं. ज्या स्वप्नाची गाणी अडीच वर्षं वाजवली त्याचं प्रेत रस्त्यात पडलं होतं आणि केंद्राने त्यावर चादर टाकली नाही. मेझल्स बंधूंनी पुढच्या वर्षी ‘गिम्मी शेल्टर’ हा माहितीपट काढला तेव्हा सुरुवातीलाच हा कार्यक्रम घेतला. शक्य असेल तर तो भाग बघा. बार्जरचा आवाज ऐकताना ‘स्टोन्स’चा ढोलवाला चार्ली वॉट्स कसा बसलाय ते बघा.

बातम्यांचंही इथे वेगळंच होतं. वेस निस्कर, म्हणजे ‘स्कूप’, बातमीपत्र लिहून वाचत नसे. मोर्च्यातले आवाज, मंत्र्याच्या भाषणाचा तुकडा, मध्ये एखाद्या गाण्याची ओळ, असं कापून-चिकटवून तो गोधडी शिवायचा. शेवटी ऐकणाऱ्यांना बजावायचा की बातम्या आवडल्या नसतील तर बाहेर पडा आणि स्वतःच्या काही घडवा. व्हिएतनामच्या त्या दिवसांत पुष्कळांनी ते मनावर घेतलं.

पुढची वर्षं भराभर. १९७३, ३१ ऑक्टोबर, पुलापलीकडच्या सॉसलिटोतला ‘रेकॉर्ड प्लांट’ स्टुडिओ. के-सॅन इथून थेट मैफली सोडतं. आज बॉब मार्ली आणि वेलर्स आहेत. अमेरिकेत त्यांना अजून फारसं कुणी ओळखत नाही. याच महिन्यात स्लाय स्टोन या गायकाच्या दौऱ्यातून त्यांना वाटेतच उतरवलंय, आणि अडकलेली मंडळी इथे येऊन पोचली. गंमत अशी की स्लाय स्टोन हा एके काळी डोनाह्यूच्याच ऑटम कंपनीत गाणी ध्वनिमुद्रित करायला बसायचा. एकाने रस्त्यात सोडलं, त्याच्याच जुन्या मालकाच्या केंद्राने उचलून घेतलं. त्या रात्रीची गाणी १९९१ मध्ये ‘टॉकिन ब्लूज’ नावाने तबकडीवर आली. चांगली आहेत; स्टुडिओतल्या इतर तबकड्यांहून सैल आणि म्हणून जास्त जिवंत.

१९७५, २८ एप्रिल. डोनाह्यू हृदयविकाराने गेला, सेहेचाळिसाव्या वर्षी. त्या दिवशी थांबायचं असेल तर थांबा, मी पुढे होतो.

पुढे म्हणजे जिथे यादी परत येते. देशभरातल्या कंपन्यांना आता कळलंय की एफएममध्ये सोनं आहे. ली अब्रॅम्ससारखे सल्लागार श्रोत्यांना विचारून, मोजून, ठरवून देतात की कुठलं गाणं तासाच्या कितव्या मिनिटाला. स्टुडिओत कार्डांची पेटी येते: पुढचं कार्ड काढा, तेच वाजवा, मागे ठेवा. आवाज स्टिरिओ, गाणी लांब, निवेदक मृदू. डोनाह्यूच्या केंद्राचं सगळं घेतलं, सांधा तेवढा काढून टाकला. याच शहरात १०६.१ वर केएमईएल असं रॉक वाजवू लागतं आणि के-सॅनचे श्रोते नेतं. मला यात खलनायक कुणी दिसत नाही. लोकांना ओळखीचं गाणं आवडतं, हे अब्रॅम्सने शोधून काढलं नव्हतं. त्याने फक्त मोजलं.

के-सॅन मात्र अजून हट्टी आहे. १९७८, १४ जानेवारी, शहरातलं विंटरलँड सभागृह. ‘सेक्स पिस्टल्स’च्या अमेरिका दौऱ्यातला शेवटचा कार्यक्रम, तो थेट सोडणारं केंद्र हेच. विचार करा, हिप्प्यांना शिव्या देत जन्मलेलं पंक, आणि ते घरोघरी पोचवणारं हिप्प्यांचं केंद्र. शेवटी गायक जॉनी रॉटन मंचावर बसून लोकांनाच विचारतो की आपण फसवले गेलोय असं कधी वाटतं का. त्याच वर्षाच्या अखेरच्या रात्री विंटरलँडला कुलूप लागतं, तेव्हा ‘ग्रेटफुल डेड’ पहाटेपर्यंत वाजवतात आणि के-सॅन तेही सोडतं, शहराच्या दूरचित्रवाणी केंद्राबरोबर. याच बँडने पहाटे तीनला संपावरच्यांसाठी वाजवलं होतं, त्याला अजून अकरा वर्षंही झालेली नाहीत.

शेवटचा मुक्काम, १९८० चा नोव्हेंबर. उन्हाळ्यात ‘अर्बन काउबॉय’ चित्रपट आलाय, शहरातली पोरं बूट आणि रुंद काठाच्या टोप्या विकत घेताहेत. ९४.९ वर कंट्री संगीत सुरू होतं. के-सॅनचं नाव तेच, आतलं सगळं बदललेलं. चिडलेल्या श्रोत्यांचं ऐकलंत तर वाटेल, आमची मालमत्ता कुणीतरी लुटून नेली. समजण्यासारखं आहे, माझंही मन त्यांच्याच बाजूला झुकतं. पण १९६८ च्या मे महिन्यात याच काट्यावर शास्त्रीय संगीत शोधणारी ती म्हातारी आठवा. आणि त्याहून आधी, ग्रीन स्ट्रीटवर ज्यांचे तास एकेक करून काढून घेतले ते पोर्तुगीज भाषक. आठवड्यातून तासभर आपली भाषा कानावर पडावी म्हणून खिशातून पैसे भरणारे लोक. परदेशातल्या आपल्या मंडळींना विचारा, शनिवारी सकाळी भाड्याने घेतलेल्या अर्ध्या तासात लावलेलं भावगीत काय असतं ते. डोनाह्यूच्या क्रांतीच्या इतिहासात त्या पोर्तुगीज निवेदकांचा परिच्छेद सहसा नसतो, आणि सॅन फ्रान्सिस्कोला पुन्हा जायला मिळालं तर मी ७ एप्रिलला संध्याकाळी आठला नाही, दुपारी चारला जाईन. त्यांचं ऐकायला.

तुम्हाला परतायची घाई नसेल तर आत्ताही थोडं ऐका. कंट्री एवढं वाईट नाही, आणि व्हॅलेहोकडे माल घेऊन निघालेल्या कुणा ट्रकवाल्याला हे केंद्र आज पहिल्यांदाच सापडलंय.